गिरणीत उरलेलं पान

बीडमध्ये आमच्या गल्लीतलं नेट कॅफे पिठाच्या गिरणीत होतं. पुण्यातल्या ऑफिसात मी हे सांगते तेव्हा लोकांना गंमत वाटते. मीही त्यांना हसू देते, कारण त्याच्या पुढचं सांगण्यासारखं नसतं.

गिरणी एका म्हाताऱ्याची होती. त्याचा मुलगा औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून आला आणि बापाशी महिनाभर वाद घालून त्यानं गिरणीचा पुढचा भाग प्लायवूड लावून वेगळा केला. त्यात तीन मशीनं मांडली, काचेचं दार बसवलं आणि दारावर इंग्रजीत पाटी रंगवली. प्लायवूडच्या पलीकडे गिरणी पहिल्यासारखीच चालू होती. ती सुरू झाली की ट्यूबलाइट मंद व्हायची आणि कीबोर्डवर पिठाचा पातळ थर बसायचा. उठताना मांडीवर, बाह्यांवर पीठ असायचं. नेटवर जाऊन आलेली पोरगी गल्लीत लांबूनच ओळखू यायची, त्यामुळे आमच्याकडे चोरून नेटवर जाणं कोणाला जमलं नाही.

तेव्हा गावात सगळंच नवीन येत होतं. एसटीडीच्या बूथवर फॅक्स आला, घरोघरी केबल आली, आणि चांगले मार्क पडलेल्या प्रत्येक पोरानं कॉम्प्युटरचाच कोर्स करायचा असं कोणीतरी ठरवून टाकलं. माझ्या ताईनं बी.एस्सी. करून तो कोर्स केला होता. मग ती पुण्याच्या कंपन्यांना मेलवर बायोडाटा पाठवायची आणि उत्तर आलं का ते बघायला गिरणीत जायची. मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या घरात पुण्याला नोकरीला जाण्याची भाषा करणारी ती पहिलीच मुलगी. अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. ते दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून दमायचे आणि घरी गप्प राहायचे. बोलण्याचं सगळं काम आईकडे होतं.

गिरणीवाल्याच्या मुलाची एक पद्धत होती, ती आधी सांगायला हवी. तीन मशीनं आणि टेलिफोनची लाइन एकच. बिल तर असं यायचं की म्हातारा दर वेळी गिरणी बंद करून कॅफेत येऊन ओरडायचा. म्हणून मुलगा लाइन जोडायचा, ज्याला जे हवं ते पान उघडून द्यायचा आणि लाइन तोडायचा. "लाइन तोडली, आता वाचा निवांत," असं तो मोठ्यानं सांगायचा. पान मशीनमध्ये उतरलेलं असायचं, ते वाचायला लाइन लागत नसे. एखाद्याला काल उघडलेलं पान परत बघायचं असलं तर तो मशीनमधल्या जुन्या पानांच्या यादीतून तारीख शोधून तेही काढून द्यायचा. तसं पान लाइनशिवायच उघडायचं. बटणं दिसायची, पण दाबून काही व्हायचं नाही. पोरांना त्याचं कौतुक वाटायचं. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

त्या दुपारी ताई निघाली तेव्हा आई भाकरी करत होती. रोजचंच भांडण होतं, फक्त त्या दिवशी जरा वाढलं.

"रोज रोज काय ठेवलंय त्या गिरणीत?" आई म्हणाली.

"उत्तर यायचंय."

"यायचं असतं तर आलं असतं की आतापस्तोर. लोकं इचारायलेत, पोरगी दुपारची कुठं जायली म्हणून."

"मग सांग त्यांना, दळायला जायली."

ताईचं तोंड असं होतं. आईनं परातीत पीठ आपटलं आणि म्हणाली, "जा मग. तिथंच ऱ्हा जा."

ताई तासाभरात परत आली. कोणाशी बोलली नाही, मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी जेवायला उठली नाही. आई मला म्हणाली, "रुसलीय. रुसू दे. कोणी जायचं न्हाई समजूत काढायला." दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत ताई तशीच पडून होती आणि आई तिच्या खोलीत गेली नाही. मग अप्पांनी सहज तिच्या कपाळाला हात लावला आणि ते ओरडले.

कावीळ होती. आमच्याकडे कावीळ झाली की आधी धारूरकडच्या एका खेड्यात नेतात, तिथं झाडपाल्याचं औषध देतात. तिला नेलं. मग बीडच्या दवाखान्यात नेलं, मग औरंगाबादला न्यायचं ठरलं. गेवराईच्या पुढे जीपमध्ये ती गेली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी घरी होते, मला रात्रभर कोणी काही सांगितलं नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. जंगम आले, विधी झाला, बायका रडल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

त्यानंतर आई फार बोलायची नाही. बोलली तर एकच विचारायची, कोणालाही विचारायची. मला, अप्पांना, भाजीवालीलासुद्धा. "रुसलती का ओ ती? का आजारी होती?" लोक काहीतरी उत्तर द्यायचे. आईला ते उत्तर नको असायचं. ज्याला खरंच माहीत आहे अशा माणसाचं उत्तर तिला हवं होतं, आणि तसा माणूस कोणी नव्हता.

दिवस-कार्य झाल्यावर मी दळण घेऊन गिरणीत गेले. डबा ठेवला तेव्हा मुलानं मला काचेच्या दारातून हाक मारली. मग म्हणाला, "तुमच्या ताईचं एक पान राहिलंय. बघायचं का?"

मला कळलंच नाही. त्यानं तीन नंबरच्या मशीनवर बसवलं, भिंतीकडच्या. यादीतून ती तारीख काढली आणि दाबलं. पान उघडलं. ताईच्या मेलचं पान. वर इंग्रजीत तिचं नाव आणि त्याच्या आधी स्वागताचा एक शब्द. खाली नवीन मेल एकही नाही असं लिहिलेलं. जुन्या चारदोन मेलच्या ओळी, त्याही तिनंच स्वतःला पाठवलेल्या बायोडाट्याच्या. चित्रांच्या जागी लाल फुल्या आल्या होत्या. उजवीकडे वर बाहेर पडायचं बटण.

"तिनं बंद नव्हतं केलं?" मी विचारलं.

"केलतं ना. दर वेळी करायच्या. बाकीचे तसंच उठून जातेत, मला मागून बंद करावं लागतंय. तुमच्या ताई कधीच न्हाई. त्या दिवशी लवकर उठल्या, गरगरतंय म्हणाल्या, टेबल धरून उभ्या राहिल्या. तरी आधी साइन आउट दाबलं अन् मग निघाल्या."

"मग हे कसं दिसायलंय?"

त्यानं प्लायवूडच्या दिशेनं मान हलवली. "ज्वारीमागं गहू दळला तर पहिल्या मुठीत ज्वारी येती ना? तसंच. तिकडच्या साइटनं त्यांना निरोप दिला. पण ह्या मशीनच्या पोटात पान राह्यलं. साइटला ठावंच न्हाई."

त्यानं मला बजावलं की कुठंही दाबायचं नाही. दाबलं की मशीन लाइन मागतं, आणि लाइन जोडून ते पान ताजं करायला गेलं तर नाव आणि पासवर्ड विचारणारं पान येतं. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. म्हणजे जे होतं ते एवढंच. त्या दुपारी थांबलेलं पान. नंतर पुण्याहून कोणी तिला बोलावलं की नाही, हे त्या पानाला माहीत नव्हतं आणि आम्हालाही कधी कळलं नाही.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आधी पान सांगितलं, मग ते गरगरण्याचं. आई तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"म्हंजे रुसली न्हवती."

"नाही आई."

मला वाटलं तिला बरं वाटेल. आईनं ताट परत मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "रुसली असती तर बरं झालं असतं."

पुढच्या सोमवारी महादेवाला जाऊन येताना ती स्वतःच गिरणीकडे वळली. कपाळावर भस्माची तीन बोटं, हातात तांब्या. काचेच्या दारात तिनं चप्पल काढली. मुलगा म्हणाला, "असू द्या काकू," तरी काढलीच. तीन नंबरवर बसली आणि त्यानं पान काढून दिलं.

आईला इंग्रजी येत नव्हतं. पण ताईच्या नावाचा इंग्रजी आकार तिला ओळखू यायचा, कारण ताईच्या सर्टिफिकेटांच्या फ्रेमा ती रोज पुसायची. तिनं तेवढं नाव शोधलं. मग मला एकेक विचारलं.

"हे काय लिहिलंय?"

"या, म्हणून लिहिलंय. स्वागत."

"कोण म्हणायलंय?"

"मशीन म्हणतंय."

"अन् हे?"

"नवीन काही आलेलं नाही, असं."

"माझं काई न्हाई लिहिलेलं?"

"नाही गं. मेलमध्ये तसं नसतं."

"अन् ते कोपऱ्यात?"

"ते बाहेर पडायचं. तिनं ते दाबलं आणि निघाली."

आईनं मान डोलावली. "म्हंजे सांगून निघाली," ती म्हणाली. आमच्या घरात न सांगता उठून जाणं हा मोठा गुन्हा होता आणि ताईला त्यावरून लहानपणी पुष्कळ बोलणी बसली होती.

नंतर दर सोमवारी आई तिथं जायला लागली. मला आधी लाज वाटली, खरं सांगते. कॅफेत पोरं असायची, रिझल्ट बघणारी, नट्यांचे फोटो उघडणारी. त्यांच्यात माझी आई पदर सावरून बसायची आणि एका न हलणाऱ्या पानाकडे बघायची. पण पोरं काही बोलली नाहीत. आई आली की तीन नंबरवरचं पोरगं उठून उभं राहायचं. मुलानं मशीनमध्ये पानं किती दिवस ठेवायची तो आकडा वाढवून जेवढा होईल तेवढा केला होता. वीज गेली की आई तशीच अंधारात थांबायची आणि आल्यावर तो परत पान काढून द्यायचा. आई माउसला हात लावायची नाही. चुकून काही दाबलं जाईल याची तिला फार भीती होती.

मी एकदा चिडून म्हणाले, "आई, तिथं काही नाही. तेच ते पान आहे."

"मला ठावं हाय," आई म्हणाली. "मी तेवढ्यासाठीच जाते."

असा पावसाळा गेला. दसरा आला. घरात वर्ष पाळायचं होतं, म्हणून सण नव्हता. पुरण नाही, तोरण नाही. खंडेनवमीच्या सकाळी शेजारीपाजारी शस्त्रं-अवजारं पुजायची गडबड चाललेली आणि आमच्या घरात आई रिकाम्या हातानं बसलेली. अप्पांनी दुकानातल्या तराजूला हळद-कुंकूसुद्धा लावलं नव्हतं. मग आई उठली. सोमवार नसतानाही म्हणाली, "चल, तिच्या मशीनला फूल वाहून येऊ. आज मशीनचा दिवस हाय."

तिनं परड्यातली दोन शेवंतीची फुलं घेतली.

गिरणी बंद होती. म्हातारा दसऱ्याच्या आधी जात्याच्या दगडांना टाकी लावून घ्यायचा, पट्टे उतरवून पुसायचा, कोपऱ्याकोपऱ्यातलं वर्षाचं पीठ झाडून काढायचा. जुन्या पिठासकट यंत्र देवापुढं ठेवायचं नाही, हा त्याचा नियम होता आणि तो त्याच्या बापाचाही नियम होता. त्या दिवशी आम्ही गेलो तर म्हातारा धुतलेलं धोतर नेसून कॅफेतच बसला होता. मुलगा माजलगावला सासऱ्यांना दवाखान्यात घेऊन गेला होता, दोन दिवस तिकडेच होता. तिन्ही मशीनं लखलखत होती. तिन्हींवर स्वस्तिक, तिन्हींना झेंडूचे हार. तीन नंबरचा हार सगळ्यात मोठा, टेबलाच्या खालपर्यंत आलेला.

"या, या," म्हातारा आईला म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो म्हणा की. पोरगं न्हाई तर काय झालं, काम थांबवलं न्हाई मी. दुरुस्तीवाला बोलावला. त्याला म्हणलं, आतून-बाहेरून सगळं साफ कर, मागच्या वर्साचं काई ठेवू नको. तो म्हणला, काका, आतलं सगळंच काढून नव्यानं टाकतो, मशीन पळंल नुसतं. म्हणलं टाक. अन् हे तुमच्या लेकीचं मशीन हाय ना, हे तर मी सोता बसून करून घेतलं. त्याला सांगितलं, ह्यात कणभर काई राहू देऊ नको."

त्यानं मशीन चालू केलं. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. बाकी काही नव्हतं. यादी उघडायचं मला येत होतं. मी उघडली. यादी कोरी होती.

मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. मी बोलायला तोंड उघडलं आणि आईनं माझा दंड धरला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या पानाची जागा, त्याचा रंग, नावाचा आकार हे सगळं तिला पाठ होतं. ती टेकडीकडे बघत होती. तिला कळलं होतं.

म्हातारा विचारत होता, "कसं दिसायलंय?"

आई म्हणाली, "लई छान केलंत काका."

तिनं दोन्ही फुलं मशीनवर ठेवली. कनवटीची भस्माची पुडी काढली, बोट बुडवलं आणि काचेवर तीन रेघा ओढल्या, जिथं ताईचं नाव असायचं तिथं. हात जोडले. म्हाताऱ्यानं आम्हाला प्रसादाची साखर दिली. आईनं ती घेतली, तोंडात टाकली.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. आई रडली नाही. ती म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. पोराला पण सांग, बापाला काई बोलायचं न्हाई. त्यांनी पूजेसाठी केलंय."

मुलगा माजलगावहून आला आणि तिसऱ्या मशीनपुढे डोकं धरून बसून राहिला, असं मला नंतर कळलं. आईनं त्याच्याकडूनही वचन घेतलं. म्हातारा पुढं बरीच वर्षं जगला, आणि आई रस्त्यात दिसली की अभिमानानं सांगायचा, की तुमच्या पोरीच्या मशीनला त्या वर्षी मी सगळ्यात मोठा हार घातलता. आई दर वेळी "व्हय काका" म्हणायची. मला ते ऐकवत नसे. मला त्याचा राग अजून थोडा येतो. तो गेला तेव्हाही आला, आणि आपल्याला असा राग यावा याचं वाईटही वाटलं.

आई गिरणीकडे परत गेली नाही. दळण मीच न्यायला लागले. सोमवारी ती महादेवाहून सरळ घरी यायची.

मी पुढे इंजिनिअरिंग केलं आणि पुण्याला आले. ताईला जे हवं होतं ते मला मिळालं, यात माझी हुशारी कमी आणि पाच-सहा वर्षं नंतर जन्मल्याचा भाग जास्त आहे. बँकेसारख्या ठिकाणच्या साइट आम्ही करतो. माझ्याकडे जे काम आलं ते हेच, माणूस बाहेर पडल्यानंतरचं. त्यानं बाहेर पडायचं बटण दाबलं की तिकडचं नातं तर तोडायचंच, पण इकडे मशीनच्या पोटातही काही उरता कामा नये. प्रत्येक पानाबरोबर एक सूचना जाते, हे साठवू नकोस. मग मागे जायचा बाण कोणी दाबला तरी आधीचं पान येत नाही, नाव आणि पासवर्ड विचारणारं पान येतं. हे बरोबर आहे. त्या मशीनवर नंतर कोण बसेल सांगता येत नाही. कॅफेतल्या त्याच खुर्चीवर कोणी वाईट पोरगं बसलं असतं तर ताईचं पान त्यानंही बघितलं असतं. हे मी नव्या पोरांना शिकवते आणि एखादा एक पान जरी विसरला तर कडाडते. ऑफिसात मला त्यासाठी नावं ठेवतात. ठेवू देत.

अप्पा गेल्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी मी घरूनच काम करत होते आणि ती शेजारी मेथी निवडत बसली होती. मी तेच तेच करून बघत होते. आत शिरायचं, चार पानं उघडायची, बाहेर पडायचं, मागचा बाण दाबायचा. दर वेळी पासवर्डचं पान. आईचे हात थांबले होते हे मला उशिरा कळलं.

"आता मागं गेलं तर दिसत न्हाई व्हय?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुठल्याच मशीनवर?"

"जिथं आमची साइट असेल तिथं नाही."

"तू बंद केलंस?"

इतक्या वर्षांत ती गिरणीबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. मी म्हणाले, "हो. माझं कामच ते आहे."

आईनं मेथीची जुडी उचलली, चार पानं खुडली, परत खाली ठेवली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "न्हाईतर कोणाची तरी माय तिथंच बसून राहिली असती."